सव्वीस दिवस न हललेलं पाणी

दादा, तुम्ही गेल्यानंतर सव्वीस दिवस हौदाचं पाणी हललं नाही, असं सांगितलं तर तुम्ही आधी माझ्या मोजमापावरच संशय घ्याल. म्हणाल, इंजिनिअर बाई, थर्मामीटर बदलून पाहिलात का. पाहिला, दोनदा. दुसऱ्या वेळी तर दुकानातून नवाकोरा आणला. तुमचा मुलगा मिलिंद म्हणाला, तू थकली आहेस, जरा झोप. झोपले. सकाळी उठून पाहिलं तर पाणी चौदा अंशांवर आणि पीएच सात पॉइंट दोनवर, काल होता तसाच, परवा होता तसाच. भुताखेतांच्या गोष्टींचा तुम्हाला किती तिटकारा, हे सून म्हणून आले त्याच आठवड्यात मला कळलं होतं. त्यामुळे हे तुम्हालाच सांगायचं म्हणजे जरा अवघड आहे. पण दुसरं कुणाला सांगणार?

स्विमिंग पूल हा शब्द तुम्ही कधी वापरलाच नाही. जर्मनीत, इंगोलश्टाटच्या बाहेर आम्ही हे घर घेतलं तेव्हा मागच्या बागेत आधीच्या मालकाचा तो जुना पूल होता आणि मी तो बुजवायच्या बेतात होते. मिलिंदची आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे राहायला आलात, पहिल्याच सकाळी चप्पल घालून बागेत गेलात आणि आत येऊन म्हणालात, हौद चांगला आहे, फक्त बॉयलर उपाशी आहे. तो बॉयलर म्हणजे खोपटातला गॅसवरचा हीटर. उभा जन्म कागद गिरणीत बॉयलरसमोर काढलेला माणूस तुम्ही. आतल्या तांब्याच्या नळ्यांना तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दोनदा टकटक केलं, कान लावला आणि ऐकून घेतलंत. माझी नोकरी गाडीतले नको ते आवाज शोधायची आहे. तरी तुम्ही काय ऐकलंत ते मला ऐकू आलं नाही.

पाण्याला विचारल्याशिवाय आग लावायची नाही, हा तुमचा नियम. रोज सकाळी साडेसहाला शिडीपाशी उभं राहून छोट्या डबीत पाणी घ्यायचं, लाल थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून रंग जुळवायचा. नातीला, आमच्या मेत्ताला, तुम्ही शाळेआधी शेजारी उभं करायचात. पाणी आंबट झालं की तांबं खातं, कडक झालं की नळीत चुना बसवतं, मधे ठेवायचं, एवढंच तर काम. मेत्ता मराठीत ऐकायची आणि जर्मनमध्ये उत्तर द्यायची. तुम्हाला जर्मन येत होतं चाळीसेक शब्द, तरी तुमचं दोघांचं कधी अडलं नाही. माझं मात्र तुमच्याशी रोज अडायचं.

आपली भांडणं मोठी नव्हती, पण चिवट होती. मी म्हणायचे, सप्टेंबर संपला की हौद बंद, सगळे जर्मन तसंच करतात. तुम्ही म्हणायचात, पाणी आपणहून बाराच्या खाली उतरू दे, मग बंद कर. कोमट पाणी झाकलं की वसंतात शेवाळ उघडायचं. मी पुस्तिका उघडून दाखवायचे आणि पुस्तिकेत नेमकं तुमचंच म्हणणं निघायचं. मग मी विषय बदलायचे. हे सगळं आठवून आता हसू येतं, पण एका भांडणाचं येत नाही.

क्लोरीनच्या गोळ्यांचं ते भांडण. तुम्ही त्या एका निळ्या तरंगत्या डब्यात घालायचात. तो डबा दिवसभर हौदभर हिंडायचा आणि मला डोळ्यांसमोर नको व्हायचा. मी म्हटलं, गोळी सरळ भिंतीतल्या गाळणीच्या टोपलीत ठेवू, तिथूनच पाणी पंपात ओढलं जातं. तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, पोरी, गोळी आंबट असते, पंप बंद असला की ते आंबट पाणी नळीत साचतं आणि पुढे हीटर आहे. मी म्हटलं, बरं, नाही ठेवत. आणि पुढच्या रविवारी ठेवली. गाळणी जमिनीलगत आहे, तुमच्या गुडघ्यांना तिथे वाकवत नव्हतं, ती साफ करायचं काम माझं होतं. त्यात पंप मी फोनवरून दुपारचे चारच तास चालवायचे, छतावरच्या सोलरची वीज असते तेव्हा. उरलेले वीस तास काय होत असेल, याचा विचार मी केला नाही. लोकांच्या गाड्यांबाबत मी रोज नेमका तोच विचार करते.

मे-जूनमध्ये तुम्ही सारखे म्हणायचात, पाणी आंबतंय, का ते कळत नाही. सोडा घालायचात, दोन दिवसांनी पुन्हा तेच. मला विचारलंत, तू काही टाकतेस का. मी नाही म्हटलं. खोटं बोलले असं तेव्हा वाटलंही नाही, दादा. वाटलं, एवढ्याशा गोळीचा काय तो बाऊ.

जुलैत शेजारच्या फ्राउ लिंडनर आपल्या नातीला हाताला धरून घेऊन आल्या. पोरीचे केस पिवळेधमक होते, ते हिरवट झाले होते. मेत्ताचे काळे, त्यामुळे आपल्याला कळलंच नव्हतं. तंत्रज्ञ आला, त्याने हीटर उघडला. नळ्या आतून खाल्ल्या गेल्या होत्या, ते तांबं पाण्यात उतरलं होतं आणि पाण्यातून त्या पोरीच्या डोक्यात. इथली रसायनं कोण बघतं, असं त्याने विचारलं. फ्राउ लिंडनरांनी तुमच्याकडे पाहिलं. मिलिंदने पाहिलं. मीही पाहिलं, हे मी विसरणार नाही. तुम्ही वर्गात हात वर करावा तसा हात वर केलात आणि म्हणालात, "इश. माइन फेलर." मी, माझी चूक.

सगळे आत गेल्यावर मी गाळणीचं झाकण उघडलं. अर्धी झिजलेली गोळी टोपलीत होती. मी ती कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात घातली.

आणि त्या संध्याकाळी जेवताना मी ते वाक्य बोलले. नवा हीटर बसणार होता, पुन्हा असं होऊ नये म्हणून आवाज जरा चढवूनच बोलले: "दादा, आजपासून पाण्याला हात लावायचा नाही."

मिलिंद ताटावरून उठला. मला वाटलं, हीटरमुळे वैतागलाय. मग तुमचा चेहरा दिसला आणि मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं. आपल्या घरात, दादा. तुम्ही एकदाच सांगितलं होतंत, हातात ती डबी असताना, की तुमच्या आईला गावच्या विहिरीला शिवायची मुभा नव्हती. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतणार. माझी आजीही तशीच उभी राहिलेली. मी काही बाहेरून आलेली नव्हते, मला सगळं माहीत होतं. आणि तेच वाक्य, शब्दाला शब्द, मी तुम्हाला वाढता वाढता म्हटलं. तुम्ही म्हणालात, बरं. भात संपवलात आणि ताट स्वतः धुतलंत.

तेव्हाच माफी मागायला हवी होती. पण माफी मागायची तर गोळीचं सांगावं लागलं असतं. मग मी एक सवलत दिली, जणू मोठं मन दाखवतेय. म्हटलं, तुम्ही नुसतं मोजत जा, टाकायचं मी टाकेन. तीन महिने तुम्ही रोज सकाळी मोजलंत आणि न्याहारीला येऊन मला आकडे सांगितलेत. रोज डबी उचलायच्या आधी खिडकीतून माझ्याकडे बघायचात, आणि मी मान हलवल्यावर पाणी घ्यायचात. ते तुम्ही मला टोमणा म्हणून करत होतात की खरंच विचारत होतात, ते मला कधी कळलं नाही. ऑगस्टमध्ये एकदा आकडे सांगून झाल्यावर तुम्ही थांबलात. म्हणालात, पाणी चुगली करत नाही पोरी, ते फक्त दाखवतं. मी म्हटलं, मला मीटिंगला उशीर होतोय.

तुमच्या जाण्याबद्दल लिहीत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

सातव्या दिवशी घरीच जलदान केलं. एर्लांगेनहून मिलिंदचे मित्र आले, नागपूरच्या विहारातले भन्तेजी व्हिडिओवर होते. मिलिंदने तांब्यातून वाटीत पाणी ओतायला सुरुवात केली. वाटी भरली, खालच्या ताटात सांडलं, ताटही भरत आलं. भन्तेजींचं संपलं तरी मिलिंद ओततच होता. नंतर मला म्हणाला, तांब्या हलकाच होईना. मी म्हटलं, झोप नाही तुला, म्हणून वाटलं असेल. ताटातलं पाणी झाडाच्या बुंध्याशी घालायला मी मेत्ताकडे दिलं. ती बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेले तर ती हौदाच्या काठावर उभी होती आणि ताट रिकामं होतं. मी विचारलं, इथे का ओतलंस. ती म्हणाली, "आउस देम पूल. ओपास वासर." तांब्याही तिनेच भरला होता, आणि नळावर नव्हे, हौदातून. आजोबांचं पाणी म्हणून. मी रागावले नाही. नऊ वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

त्यानंतर पाणी थांबलं.

आधी मला ते जाणवलंही नाही. हीटर बंद होता, गॅसची कळ मी स्वतः फिरवली होती. रोज सकाळी धुकं इतकं असायचं की कुंपण दिसत नव्हतं. पाणी बाराच्या खाली गेलं की बंद करू असं ठरवून मी मोजायला लागले. पहिल्या दिवशी चौदा आणि सात पॉइंट दोन. आठव्या दिवशी तेच. पंधराव्या दिवशी पहाटे गवतावर दव गोठलं होतं आणि पाणी चौदा. तुम्हीच सांगायचात ना, की पाणी कधी जागच्या जागी राहत नाही, हवा लागली तरी हलतं, म्हणूनच तर रोज विचारायचं. मी काहीही टाकत नव्हते. कोणीच काही टाकत नव्हतं. तरी रंग रोज अगदी तुम्हाला हवा तसा, फिक्या डाळिंबी दाण्याचा.

मग डबी. तुमची ती मोजायची डबी मी वापरत नव्हते, धीर होत नव्हता, माझं डिजिटल यंत्र वापरत होते. ती खोपटात खिळ्याला टांगलेली होती. एकविसाव्या सकाळी बघितलं तर आतून ओली. मी पुसली, फडक्याने कोरडी केली, पुन्हा टांगली. दुसऱ्या सकाळी ओली. दमट हवा, असं मी मोठ्याने म्हटलं. शेजारचा काचेचा ग्लास कोरडा होता. आणि हीटरच्या नळ्यांमधून साडेसहाच्या सुमारास दोनदा टकटक यायची. थंडीने धातू आकसतो, मला हे कुणी शिकवायला नको. पण आकसणारा धातू रोज त्याच वेळी, दोनदाच आणि तेवढंच अंतर ठेवून वाजत नाही. मी फोनवर ते टिपून घेतलं, ऑफिसात हेडफोन लावून ऐकलं. पहिली टकटक होती, दुसरी होती. दोन्हींच्या मधे जो काही क्षण होता त्यात खोपटातला सगळाच आवाज बंद होता, बाहेरच्या रस्त्याचासुद्धा. कुणीतरी कान लावला की आपण श्वास धरतो, तसा.

मी ती फाइल कुणाला ऐकवली नाही. भीती वाटत होती, आणि खरं सांगू का, बरंही वाटत होतं. पाणी बाराच्या खाली जात नव्हतं म्हणजे हौद बंद करायचा नव्हता, म्हणजे तुम्ही पुरते गेला नव्हतात. पण सव्विसाव्या दिवशी बातम्यांत रात्रीचे उणे सहा सांगितले. हीटरमध्ये पाणी राहिलं आणि गोठलं तर नवा हीटरही फुटणार. तुमचा नियम पाळला तर हीटर जाणार आणि हीटर वाचवला तर तुमचा नियम मोडणार. मला कळलं की हे भांडण तुम्ही जिंकल्याशिवाय संपणार नाही, आणि तुम्हाला जिंकू द्यायचं तर एकच वाट आहे.

त्या दुपारी मी फ्राउ लिंडनरांकडे गेले. दारातच सांगितलं, जुलैतली चूक माझ्या सासऱ्यांची नव्हती, गोळी मी ठेवली होती आणि तपासणीनंतर मीच लपवली. त्यांनी आधी लिंबांचं सांगितलं. तुम्ही दर शनिवारी त्यांच्याकडे लिंबं नेऊन द्यायचात म्हणे, पोरीचे केस धुवायला, हिरवेपणा जाईपर्यंत. मला ते माहीत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, हे मला सांगून काय उपयोग, ते तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं. त्यांचा आवाज कठोर नव्हता. दार मात्र त्यांनी लावून घेतलं.

मग मी खोपटात आले. उजेड होता अजून. हीटरसमोर तुमचं ते प्लॅस्टिकचं स्टूल होतं, त्यावर न बसता उभी राहिले आणि सांगितलं. गोळीचं, खिशाचं आणि जेवतानाच्या त्या वाक्याचं. आजूबाजूला सगळं गप्प होतं, पण रिकामं नव्हतं. मागे चाहूल लागली. मला मागे वळायची हिंमत होईना. वळले तर दारात मेत्ता.

ती म्हणाली, "ओपा वाइस दास." आजोबांना माहीत आहे. माहीत होतं, असं ती म्हणाली नाही. मी तिला खांद्याला धरून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी तुम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होतात. मी गाळणीतून गोळी काढली आणि खिशात घातली, ते तुम्ही दोघांनी पाहिलं. तुम्ही तिला म्हणालात की आईने काही केलेलं नाही, आणि हे कुणाला सांगायचं नाही. तिने चार महिने ते सांभाळलं.

म्हणजे मी ते वाक्य म्हटलं त्या संध्याकाळी तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असताना तुम्ही बरं म्हणालात, भात संपवलात, ताट धुतलंत. आणि पुढे रोज खिडकीतून माझ्या मानेकडे बघत राहिलात. मी मान हलवत होते, दादा. मी खरोखर रोज मान हलवून तुम्हाला परवानगी देत होते.

दुसऱ्या सकाळी पाणी नऊ अंशांवर होतं. एका रात्रीत. पीएच सात पॉइंट सहा, चढायला लागलेला, कुठल्याही बेवारस हौदाचा चढतो तसा. डबी कोरडी होती. साडेसहाला मी खोपटात थांबले, सात वाजले, काही वाजलं नाही. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही. मी बोलले म्हणून तुम्हाला शांती मिळाली, की ऐकून घ्यायचं होतं तेवढं ऐकून तुम्ही उठून गेलात, ते मला ठरवता येत नाही. आभार मानायचे तर कुठे तोंड करून मानू, तेही कळेना.

मग मी मेत्ताला हाक मारली, कारण एकटीने ते काम होईना. हीटरकडची झडप बंद केली, खालचं बूच सैल केलं. नळ्यांतलं शेवटचं पाणी बाहेर यायला लागलं, आधी धार, मग थेंब. मेत्ता उकिडवी बसून बघत होती. तिने हात पुढे केला आणि धारेच्या वीतभर अलीकडे थांबवला. माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि विचारलं, "ममा, दार्फ इश दास वासर आनफासेन?"

पाण्याला हात लावू का, दादा. आपल्या घरात, आपल्या पाण्याला. जुलैपासून या घरात तसंच विचारायचं असतं असं ती शिकली होती, आणि ते तिला मी शिकवलं होतं.

मी तिचा हात धरला आणि दोघींचे हात त्या पाण्याखाली धरले. फार गार होतं. मी म्हटलं, विचारायचं नाही, बाळा. कुणालाच विचारायचं नाही. ती म्हणाली, ओपा तर विचारायचे.